तक्रार : काउंटर स्टर्नच्या बोटीला न पोहोचणारे विंडवेन, आणि बोटच कापा म्हणणारी तुमची ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक,
तांत्रिक व ग्राहक सेवा विभाग

आत्ता तुमच्या माणसाने फोन ठेवला. मी नाही, त्याने. पाठोपाठ संदेश आला, "आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे." कोणाचे समाधान झाले ते लिहिलेले नाही, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. वाऱ्याच्या दिशेवर बोटीचे सुकाणू आपोआप चालवणारे हे विंडवेन यंत्र तुम्ही बनवता, तेव्हा ते कसे चालते हे तुम्हाला शिकवावे लागणार नाही असे धरून चालते. तुमच्या ग्राहक सेवेबद्दलही मी असेच धरून चालले होते.

बोटीची मापे पुन्हा लिहिते. जुन्या घाटणीची, एका डोलकाठीची लाकडी स्लूप, एकूण लांबी ११.४ मीटर, वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची लांबी, ७.८ मीटर. म्हणजे ३.६ मीटर बोट पाण्याच्या पुढेमागे हवेत असते आणि त्यातला २.१ मीटरचा ओव्हरहँग मागे आहे. काउंटरच्या, म्हणजे पाण्यावर मागे लांबलेल्या भागाच्या, टोकाशी डेक पाण्यापासून १०५ सेंटीमीटर वर. टोकाची फळी ४२ सेंटीमीटर रुंद, तीही तिरकी. सुकाणू लांब कीलच्या (तळाच्या कण्याच्या) मागच्या कडेला, काउंटरच्या पोटाखाली, आणि त्याचा दांडा कॉकपिटच्या तळातून वर येतो. हे सगळे तुमच्या फॉर्ममध्ये भरून दिले होते. त्या फॉर्ममध्ये "मागचा ओव्हरहँग" असा वेगळा रकाना आहे. तो तुम्ही कशासाठी ठेवला आहे, हे मला आता मनापासून जाणून घ्यायचे आहे. सोबत बाजूचा आराखडा दिला, बोट पाण्याबाहेर असतानाचे फोटो दिले, टोकाशी मोजपट्टी धरलेला फोटोसुद्धा दिला. तुमचे उत्तर आले, "आपली बोट आमच्या यंत्रासाठी योग्य आहे." त्या एका वाक्यावर मी पैसे भरले.

खोक्यातून निघाला तो रुंद, सरळ ट्रान्समच्या (मागच्या उभ्या फळीच्या) बोटीला लागणारा साधा संच. तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे यंत्राच्या वल्ह्याचा निम्म्याहून जास्त भाग पाण्याखाली असायला हवा. माझ्याकडे शांत पाण्यात जेमतेम वीतभर टोक बुडते. तुमच्या सर्वो-पेंड्युलम प्रकारच्या यंत्रात वारा नुसता इशारा करतो, सुकाणू ओढण्याची सगळी ताकद पाण्याची असते. वाऱ्याचे पाते, म्हणजे वेन, कलते, वल्हे जरासे फिरते, वाहते पाणी त्याला बाजूला रेटते आणि त्या रेट्याने दोर टिलर, म्हणजे सुकाणूचा हातदांडा, ओढतात. वल्ह्याला पाणीच मिळाले नाही तर वेन वर बसून नुसती मान डोलावते, तुमच्या तांत्रिक विभागासारखी.

हे लिहून पाठवल्यावर तुमच्या अभियंत्यांचे उत्तर आले की बोट कलली की ओव्हरहँग पाण्यात जातो, मग वल्हेही जाईल, काळजी नसावी. अर्धे खरे आहे आणि म्हणूनच जास्त संताप आला. या बोटी अशा आखल्या गेल्या त्या शर्यतींच्या जुन्या मोजणीमुळे. उभ्या बोटीची वॉटरलाइन मोजली जायची, म्हणून ती कागदावर आखूड ठेवायची आणि बोट कलली की लांब होऊ द्यायची. फुटांत वॉटरलाइन घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की वेगाची मर्यादा नॉटमध्ये मिळते. माझ्या बोटीची ती पावणेसातच्या आसपास येते. तेवढ्या वेगाला मागची लाट काउंटरखाली चढते आणि वल्हे खरेच बुडते. पण तेव्हा वारा भरपूर असतो, शिडे नीट बसवली की बोट एका बाजूला टेकून आपली आपण सरळ जाते, लांब कीलच्या बोटी त्यासाठीच नावाजलेल्या आहेत. यंत्राची खरी गरज पडते ती वारा पाठीमागून असताना. तेव्हा बोट कलत नाही, आभासी वारा, म्हणजे चालत्या बोटीवर जाणवणारा वारा, कमी होतो, वेनला मिळणारा जोरही कमी होतो. वेग निम्मा झाला तर पाण्याचा रेटा चौथाईवर येतो. नेमके त्या वेळी तुमचे वल्हे हवा खात असते.

त्यात लाटा मागून येतात. बोट पुढेमागे डोलते तेव्हा मधला भाग थोडाच हलतो, सगळ्यात जास्त वरखाली होते ते काउंटरचे टोक, आणि तुम्ही यंत्र टांगायला सांगता ते तिथेच. लाट पुढे सरकली की वल्हे पूर्ण बाहेर, दोर सैल. वेन मात्र त्याला फिरवतच राहते. पुढच्या लाटेला ते तिरके होऊन पाण्यात आपटते, दोराला हिसका बसतो, टिलर एकदम पलीकडे जातो. याचा व्हिडिओ पाठवला होता. उत्तर आले, "व्हिडिओत यंत्र कार्यरत दिसत आहे."

आता आजचा फोन. हा पूर्ण लिहिते, कारण तुमच्याकडे संभाषणे ध्वनिमुद्रित होतात असे सुरुवातीला ऐकवतात, पण कोणी ऐकत असेल असे वाटत नाही.

"मॅडम, वल्हे पाण्यात आहे का?"

"नाही. तीच तक्रार आहे."

"ओके. मग आधी वल्हे पाण्यात घ्या."

"ते पोहोचत नाही. आखूड पाठवले आहे."

"म्हणजे पाण्याची पातळी कमी आहे का?"

मला वाटले मी चुकीचे ऐकले. विचारले, कसली पातळी? तर म्हणे, "समुद्राची. ओहोटी असेल तर भरतीला एकदा बघून सांगता का?" मी सांगितले की बोट तरंगते, भरती आली की पाण्याबरोबर बोटही वर जाते. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. त्याने हे टिपून घेतले असावे.

मग पुढची पायरी. "मागे थोडे वजन ठेवता येईल का? पाण्याचे कॅन वगैरे?" किती वजन, विचारले. "पुरेसे होईपर्यंत, मॅडम." काउंटरच्या टोकावर इतके वजन टाकायचे की टोक अर्धा मीटर खाली बसावे. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली जाईल, मागून येणारी प्रत्येक लाट कॉकपिटात येईल, पण वल्हे बुडेल. मी त्याला शांतपणे विचारले की हा सल्ला तुमच्या पुस्तिकेत कोणत्या पानावर आहे. तो म्हणाला, पुस्तिका वेगळ्या विभागाकडे असते.

आणि मग तो आवाज जरा खाली आणून, घरातलेच कोणी समजावते तसा म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? काही कस्टमर मागचा भाग कमी करून घेतात."

"कशाचा मागचा भाग?"

"बोटीचा. जो पाण्याला लागत नाही तो. तसा तो वापरात नसतोच ना?"

व्यवस्थापक महाशय, त्या वापरात नसलेल्या भागाच्या टोकाला माझा बॅकस्टे अडकवलेला आहे. डोलकाठीला मागून धरणारी तार. काउंटर कापला की ती कशाला बांधायची, हे त्या मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून वरिष्ठांना फोन द्या म्हटले. बराच वेळ संगीत ऐकवले. परत आल्यावर तो म्हणाला, "सिनिअरशी बोललो, मी सांगितलं ते बरोबरच आहे," आणि फोन ठेवला. एक आखूड वल्हे बदलून देण्यापेक्षा गिऱ्हाइकाने आपली बोट आखूड करावी, हे तुमच्या कंपनीचे अधिकृत मत आहे का? असेल तर तसे लेखी द्या. मी ते चौकटीत लावीन.

यंत्र बोटीला धरणाऱ्या कंसांचीही तीच कथा. त्यांचे पाय एकमेकांपासून ७० सेंटीमीटरवर बोल्ट करायचे आणि माझी फळी ४२ ची, हे फॉर्ममध्ये लिहिले होते. त्यावर सल्ला आला, "डेकवर बोल्ट मारा." काउंटरच्या टोकाकडे डेकखाली बारीक तुळया असतात, बोल्टला भक्कम आधार मिळतच नाही. वल्ह्याचा सगळा बाजूचा रेटा लांब तरफेने त्याच बोल्टांवर येतो. तिथे नळ्या पुढे नेऊन जाड तुळयांपर्यंत टेकवाव्या लागतात, आतून रुंद आधारपट्ट्या द्याव्या लागतात आणि प्रत्येक पायाचा कोन त्या बोटीचा म्हणून वेगळा काढावा लागतो. हे तुमच्या कॅटलॉगात "प्रत्येक बोटीनुसार रचना" या मथळ्याखाली फार सुंदर छापले आहे. प्रत्यक्षात अॅल्युमिनियमचे पाय आणि स्टेनलेसचे बोल्ट मिळाले, मध्ये एक प्लास्टिकचा वॉशरही नाही. खाऱ्या पाण्यात या जोडीत अॅल्युमिनियम गंजून झिजते हे तुम्हाला माहीत नाही असे मी म्हणणार नाही. मिझनची, म्हणजे मागची दुसरी, डोलकाठी नाही म्हणून बरे, नाहीतर तीसुद्धा वापरात नाही असे ऐकावे लागले असते.

दोरांबद्दल थोडक्यात. वल्ह्यापासून टिलरच्या टोकापर्यंत माझ्याकडे चार मीटरच्या वर अंतर आहे, वळणे आणि कप्प्या धरून आणखी. तुम्ही दिलेले पॉलिस्टरचे दोर आखूड आहेत आणि ताणतात. वल्ह्याच्या झोक्यातून दोराला मिळते सुमारे २५ सेंटीमीटर चाल. त्यातली बरीचशी ताणात आणि कप्प्यांच्या घर्षणात गेली तर टिलर हलणार कशाने? न ताणणारे डायनीमा मागितले. "दोन दोर गाठ मारून जोडा," हे उत्तर मिळाले. ती गाठ कप्पीतून कशी जाणार, हे मी विचारले नाही. उत्तराची भीती वाटली.

यानंतर तुमच्या विक्री विभागाला अचानक उत्साह आला. दुसरे मॉडेल घ्या, स्वतंत्र सुकाणूचे, फरक भरा! म्हणजे चुकीची वस्तू तुम्ही पाठवायची आणि तिच्यापेक्षा चुकीची वस्तू मी विकत घ्यायची. ते सुकाणू काउंटरच्या टोकापासून एक मीटर उघड्या दांड्यावर लोंबणार, त्याच वरखाली होणाऱ्या जागी. माझे मूळ सुकाणू बॅलन्स नसलेले, वारा वाढला की बोट वाऱ्याकडे जोरात वळू पाहते. मूळ सुकाणू बांधून ठेवून त्या छोट्या पात्याने तिला आवरायचे? दर लाटेला पाण्याबाहेर येत? तिसरा पर्याय ट्रिम टॅबचा, म्हणजे सुकाणूच्या मागच्या कडेला जोडायच्या छोट्या पात्याचा, सुचवला. ट्रान्समवर बाहेर टांगलेल्या सुकाणूला तो झकास बसतो. माझे सुकाणू काउंटरखाली आहे, टॅबचा दांडा वर आणायला काउंटरच्या तळालाच भोक पाडावे लागेल. फॉर्ममध्ये लिहिले होते. तुमच्या लोकांना माझ्या बोटीत कापणे आणि भोके पाडणे याखेरीज काही सुचत का नाही?

लांब ओव्हरहँगच्या बोटीला विंडवेन बसवताच येत नाही असे तुम्ही सरळ सांगितले असते तर मी तेही खोटे आहे हे सांगू शकले असते. कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर तुम्ही १९६० च्या एकट्याने करायच्या अटलांटिक शर्यतीचा वारसा सांगता. विंडवेनचे प्रवर्तक हॅस्लर त्या शर्यतीत जेस्टर ही आपली बोट घेऊन ४८ दिवसांत पोहोचले, पण जेस्टर फोकबोट या छोट्या बोटीच्या बांध्याची, सुकाणू अगदी मागच्या टोकाला. तो वारसा माझ्या बोटीच्या उपयोगाचा नाही. उपयोगाची आहे ती जिप्सी मॉथ चार ही बोट. ५४ फूट लांब, वॉटरलाइन साडेअडतीस फुटांच्या आसपास, आणि १९६६ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर तिच्यावर हॅस्लर यांचेच यंत्र लावून एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले. सिडनीला पोहोचण्याआधी ते मोडले. त्यांनी एक छोटे शीड टिलरला जोडून बोट चालवत ठेवली. भरतीची वाट बघा म्हणून सांगायला त्यांच्याकडे कोणी नव्हते, हे त्यांचे नशीब. सांगायचे एवढेच, की अशा बोटींवर ही यंत्रे लागली आहेत आणि आजही लागतात. फक्त मोजमाप घेऊन बनवावी लागतात. मोजमाप मी दिले होते.

आधीच्या बोटीवर तुमचेच जुने यंत्र होते. काळे झालेले, बुशिंग घासलेले, तरी रात्र रात्र टिलरला हात लावू दिला नाही. त्यामुळेच कोणी विचारले की मी तुमचे नाव सांगायचे, आणि माझ्या शब्दावर लोकांनी ते घेतलेही आहे. आता तेच लोक विचारतात, तुझे बसले का? काय सांगू त्यांना? कंपनीने बोट कापायला सांगितली आहे?

मला हवे ते असे. १०५ सेंटीमीटर उंचीला पुरेल असे लांब वल्हे आणि तेवढा भार सोसणारा दांडा. माझ्या काउंटरच्या मापाचे पाय, आराखड्यासह, आधी मला दाखवून मग बनवलेले. न ताणणारे पुरेसे दोर, चांगल्या कप्प्या, विलग ठेवणारे वॉशर. हे जमत नसेल तर सगळा संच तुमच्या खर्चाने घेऊन जा आणि पूर्ण रक्कम परत करा. "पुनर्साठवण शुल्क" वगैरे मधेच काढू नका. तुमचे "योग्य आहे" हे लेखी उत्तर माझ्याकडे जपून आहे. पंधरा दिवसांत माप समजणाऱ्या माणसाचा फोन आला नाही तर ते उत्तर, माझा फॉर्म आणि तो व्हिडिओ ग्राहक न्यायालयात जाईल, आणि जुन्या बोटी बाळगणाऱ्या ओळखीतल्या प्रत्येकाकडेही. आम्ही थोडे आहोत, पण एकमेकांशी फार बोलतो.

फोन करणाऱ्याला काउंटर म्हणजे दुकानातला नव्हे, एवढे आधी सांगून ठेवा.

आपली ग्राहक
(नाव आणि ऑर्डर क्रमांक तुमच्या नोंदीत आहेत, फॉर्मच्या शेजारीच.)

ता. क. : संच परत बांधताना पाहिले, खोक्यातले दोन्ही कंस डाव्या बाजूचे आहेत.