दवाखान्यातल्या दोन दिवसांनंतर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री जेवताना तू खाली मान घालून म्हणालीस, "आई, मला नाही व्हायचं जनावरांची डॉक्टर. सॉरी." त्या 'सॉरी'पायी मला रात्रभर नीट झोप लागली नाही. माफी मागावी असं तू काय केलंस?

मग आठवलं. चित्रकलेचा क्लास सोडलास तेव्हा मी म्हणाले होते, "तुझं एक धड नसतं." कीबोर्ड बंद केलास तेव्हाही तेच. ते माझं चुकलं. एखादी गोष्ट करून बघून सोडणं आणि कंटाळून टाकून देणं यातला फरक मला तेव्हा कळायला हवा होता.

तीन वर्षं तू सगळ्यांना सांगत होतीस की तू पशुवैद्यक होणार. त्या तीन वर्षांत तू कुत्र्यांचे व्हिडिओ पाहिलेस, पुस्तकं वाचलीस. दवाखान्यात दोन दिवस डॉक्टरांच्या मागे उभी राहिलीस तेव्हा मात्र वेगळंच दिसलं. टेबल पुन्हा पुन्हा धुणं, केस पेपर भरणं, घाबरलेल्या मालकांची समजूत काढणं, आणि त्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिलेलं शेवटचं इंजेक्शन. तू म्हणालीस, "डॉक्टरांनी हात धुतले आणि लगेच पुढच्या मांजरीला घेतलं. मला ते जमणार नाही." जमेल की नाही हे आज ठरवायची घाई नाही. पण हे वाक्य तू पाहिल्याशिवाय बोलू शकली नसतीस.

चार्ल्स डार्विनचं सांगते. त्याचे वडील डॉक्टर. त्यांनी १८२५ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, त्याला एडिंबराला वैद्यकी शिकायला पाठवलं. शस्त्रक्रियेआधी भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती. तो दोन शस्त्रक्रिया बघायला गेला, त्यातली एक लहान मुलावरची, आणि दोन्ही संपायच्या आत बाहेर पळाला. वैद्यकी सुटली. पण त्याच शहरात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या जॉन एडमनस्टन यांच्याकडून तो मेलेल्या पक्ष्यांमध्ये पेंढा भरून ते टिकवायला शिकला होता. १८३१ च्या डिसेंबरात निसर्गाचा अभ्यास करायला, प्राणी-पक्ष्यांचे नमुने गोळा करायला 'बीगल' जहाजावरून लांबच्या सफरीला निघाला तेव्हा तेच कसब कामी आलं. त्या सफरीला वडिलांचा आधी विरोध होता. मात्र कुणा समंजस माणसाने जा म्हटलं तर जाऊ देईन, एवढी वाट त्यांनी उघडी ठेवली. मामाने रदबदली केली आणि ते तयार झाले. आई झाल्यापासून या गोष्टीत मला डार्विनपेक्षा त्याचे वडीलच जास्त दिसतात.

आता तुझा पेंढा. काल तू नाराज होतीस, तरी एका गोष्टीवर न थांबता बोलत होतीस. गोचीड चावून आजारी पडलेल्या कुत्र्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंग दिला, आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशींच्या आत बारीक जंतू दिसले. "आई, आजार दिसतो गं, खरंच दिसतो!" हे सांगताना तुझा आवाजच बदलला होता. कुठलंही काम म्हणजे अशा बऱ्याच तुकड्यांची गोधडी असते. एक तुकडा आवडला नाही म्हणून सगळी गोधडी फेकायची नाही, आणि एक आवडला म्हणून ती लगेच अंगावरही घ्यायची नाही. काचपट्टी बघणं हे कुणाचं तरी दिवसभराचं काम असतंच, माणसांच्या रक्ताचं आणि जनावरांच्याही. ते बघायला हवं.

तुझी कल चाचणी करून घ्यावी असं बाबांचं म्हणणं आहे. करूया. पण त्या कागदाने फार तर कुठे डोकवायचं ते कळेल. डोकवावं आपल्यालाच लागेल. डोनाल्ड सुपर या मानसशास्त्रज्ञाने साधारण १५ ते २४ हा चाचपडून बघण्याचाच काळ मानला होता. तुला आत्ता कुठे पंधरावं लागलंय.

पुढच्या वेळी कुणाचं काम बघायला गेलीस की "तुम्हाला हे काम आवडतं का?" असं विचारू नकोस. सगळे 'हो'च म्हणतात. "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?" असं विचार. कुठला भाग नकोसा होतो, आणि तरी तो कसा पार पाडता, हेही विचार. आणि घरी आल्यावर 'आवडलं', 'नाही आवडलं' एवढंच लिहू नकोस. घड्याळाकडे कधी बघितलंस आणि कधी बघायचं राहून गेलं, ते लिही.

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत. त्यांचा नंबर टेबलावरच्या नव्या वहीत ठेवलाय. फोन तू कर, मी शेजारी बसते. नको वाटलं तर या आठवड्यात करू नकोस.

आणि ते 'सॉरी' परत घे.

तुझी,
आई