आयुक्तसाहेब, पावसाळ्याआधी चावीवाल्याला वस्तीत पाठवा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

स.न.वि.वि.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत किती टक्के साठा आहे, हे जुलैत शाळकरी पोरही सांगतं. पण नळाला आलेलं पहिलं पाणी कधीकधी गढूळ का असतं, हे वस्तीतल्या मोठ्यांनाही नीट ठाऊक नसतं. 'जपून वापरा' आणि 'उकळून, गाळून प्या' यांच्यापुढे जाऊन महापालिकेने लोकांशी बोलावं, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेतच येतं. चावीवाल्याने, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या पालिकेच्या माणसाने, चावी बंद केली की वाहिनीतला दाब उतरतो. वस्त्यांमधल्या अर्ध्या इंची जोडण्या गटाराच्या कडेने, कुठे तर गटारातूनच गेलेल्या असतात. पाइप गंजलेला असला किंवा सांधा ढिला झाला की तिथून घाण आत शिरते. त्यात कुणी थेट नळाला मोटार लावली की ओढ वाढते आणि ती घाण शेजारच्या हंड्यांतही जाते. मोटारवाल्याला कारवाईची भीती घातली तर तो चार दिवस थांबेल. आपल्या मोटारीमुळे गल्लीतल्या तान्ह्या बाळाला जुलाब होऊ शकतात, हे कळलं तर कायमचा थांबेल, असं मला मनापासून वाटतं. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध झालेलं पाणी आमच्या दारातल्या शेवटच्या काही फुटांत बिघडू शकतं. लोकांना त्या काही फुटांबद्दल सांगा.

त्यासाठी फलक पुरणार नाहीत, माणूस हवा. कुठल्या गल्लीच्या टोकाला पाणी चढत नाही, हे चावीवाल्याइतकं कुणाला माहीत असतं? तो आणि कनिष्ठ अभियंता रविवारी वस्तीत येऊन बसले, सोबत काढलेल्या सडक्या पाइपचा एक तुकडा आणला, तर बायका तासभर प्रश्न विचारतील.

गावाकडे जलसुरक्षक पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, करतो. नळीतलं पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, हे तिथल्या पोरांनाही कळतं. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावातल्या 5 महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. मग मुंबईच्या वस्तीतल्या बचत गटांना का नाही? तपासणीचा निकाल त्याच दिवशी मराठीत आणि हिंदीत नळाजवळच लावावा. निकाल वाईट आला तर तोही लावावा, नाहीतर विश्वास बसणार नाही.

आणि पालिका शाळेतल्या मुलांना एकदा शहापूर तालुक्यात न्या. त्या सात तलावांपैकी तानसा आणि भातसा दोन्ही तिथेच आहेत. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तेही मुलांनी पाहायला हवं.

सगळ्या शहराचं एकदम होणार नाही, याची कल्पना आहे. यंदा मे महिन्यात एका वॉर्डात सुरुवात करा. आमच्या वस्तीत यायचं ठरलं तर बालवाडीची खोली, सतरंज्या आणि माणसं जमवायचं काम आमच्या गटाकडे.

आपली,
बचत गटातील एक कार्यकर्ती, मुंबई