पोत्यातलं बियाणं ॲपला दिसत नाही

महोदय,

पेरणीचा सल्ला हल्ली मोबाइलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता देते. एकरी 30 किलो सोयाबीन, हे ती बरोबर सांगते. पण तो आकडा 70 टक्के उगवण धरून, म्हणजे शंभरातले सत्तर दाणे उगवतील असं धरून. घरच्या पोत्याचं तिला काय ठाऊक? म्हणून पेरणीआधी उगवण घरीच तपासावी. गोणपाट भिजवून पिळावं, न निवडता घेतलेले 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावं, पण साचू देऊ नये, दाणे कुजतात. सातव्या दिवशी धड कोंब मोजावेत. सत्तरच्या खाली दर टक्क्याला एकरी अर्धा किलो बियाणं वाढवावं. साठच्याही खाली आलं तर पेरूच नये. सोयाबीनचं टरफल पातळ. पोतं आपटलं तरी उगवण घटते, हमालांना आधीच बजावावं.

– एक सोयाबीन उत्पादक, ता. औसा, जि. लातूर