नवव्या महिन्यात बाळ 'शांत' होत नसतं

महोदय,

दिवस भरत आलेल्या बायका जमल्या की छातीतली जळजळ, रात्रीचे पेटके, उडालेली झोप यांवर भरभरून बोलतात. बोलावंच. पण त्याच गप्पांत एक घातक समजूत पसरते: शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळाचं हलणं कमी होतं. हे चूक आहे. लाथांऐवजी वळणं, ढकलणं जाणवेल, पण हालचाल कळा सुरू होईपर्यंत नेहमीइतकीच हवी. शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडावं, मोबाइल लांब ठेवावा आणि मोजावं. बाळाची उचकी मोजणीत धरायची नाही. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पावलांची संध्याकाळची सूज बहुधा साधी असते, पाय उंच ठेवले की उतरते. चेहरा आणि बोटं एकाएकी सुजली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर रक्तदाब लगेच तपासावा. 140/90 किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री खाज सुटली तर सासूबाई खोबरेल लावतील. लावू द्यावं, पण यकृताची रक्ततपासणीही करून घ्यावी.

पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट दिसलं तर कळांसाठी थांबू नये. सरकारी रुग्णालयात नेणारी 102 क्रमांकाची गाडी गरोदर बाईसाठी मोफत असते. नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आजच घालून ठेवावा.

– एक प्रसूती परिचारिका, सातारा