रिव्हर्सचा ऑटो ब्रेक कुठे चालत नाही तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात नवीन गाड्यांची माहिती येते त्यात हल्ली 'रिव्हर्स घेताना आपोआप ब्रेक' हे फीचर बऱ्याचदा असतं, पण तो ब्रेक कधी लागत नाही हे एका ओळीतही नसतं, म्हणून हे पत्र लिहितोय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सकाळी ऑफिसला निघालो होतो, रिव्हर्स टाकला, स्क्रीनवर पाहिलं, कॅमेऱ्यावर पाण्याचे थेंब होते पण मागे मोकळं वाटलं, सेन्सरचं टी-टी पण वाजलं नाही, आणि ब्रेकवरचा पाय उचलला तेवढ्यात वॉचमनकाका "साहेब थांबा थांबा" करत जोरात ओरडले. कचकन ब्रेक दाबला. उतरून बघतो तर शेजाऱ्यांची चार वर्षांची मुलगी डिकीच्या मागे बंपरजवळ खाली बसलेली, बॉल गाडीखाली गेला होता तो काढत होती. माझे हातपाय गार पडले. त्या रात्री झोप लागली नाही, कारण गाडी घेताना शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "सर मागे काही आलं तर गाडी स्वतःच थांबते" आणि मी ते खरं धरून चाललो होतो.

नंतर मॅन्युअल काढून बसलो, आणि सगळं त्यात लिहिलेलं आहे. मागच्या बंपरमध्ये जे गोल बटणासारखे सेन्सर असतात ते आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. त्यांच्यावर चिखल बसला, पाणी साचलं की ते नीट काम करत नाहीत, आणि माझा बंपर त्या दिवशी चिखलानं माखलेला होता. कपड्यासारखी मऊ वस्तू आवाज शोषून घेते, बारीक सळई किंवा तार सापडेलच असं नाही, बंपरच्या खालच्या पातळीवरचं काही असेल, म्हणजे खाली बसलेलं मूल, झोपलेलं कुत्रं, तर ते सुटू शकतं. मागे खड्डा किंवा उघडी गटार असेल तर तिथून आवाज परत येणार कसा? शिवाय हा ब्रेक बहुतेक गाड्यांत कमी स्पीडलाच चालतो, काहींत ताशी १० किमीच्या आतच, काही गाड्यांत तर थांबवून दोनेक सेकंदांत ब्रेक सुटतो, आपला पाय ब्रेकवर नसेल तर गाडी परत मागे जायला लागते, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आडव्या येणाऱ्या गाड्या ओळखायला ज्या गाड्यांत बंपरच्या कोपऱ्यात रडार असतं त्यांचीही अडचण आहे, दोन्ही बाजूंना मोठ्या एसयूव्ही लावलेल्या असल्या तर आपली डिकी बाहेर येईपर्यंत रडारला रस्ता दिसतच नाही, आणि आपल्याकडे स्कूटरवाले तर गाडी मागे येतेय हे बघूनही मागून निघतात.

फीचर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस म्हणून संस्था आहे, तिच्या अभ्यासात कॅमेरा, सेन्सर आणि ऑटो ब्रेक तिन्ही असलेल्या गाड्यांचे पोलिसात नोंदलेले रिव्हर्सचे अपघात ७८ टक्के कमी निघाले. म्हणजे उपयोग आहेच. पण आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नवीन कारला सक्तीचे झाले ते फक्त वाजणारे सेन्सर, ब्रेक मारणारे नव्हे, आणि खूप जणांना दोन्ही एकच वाटतात, माझ्या भावालाही वाटत होतं, त्याच्या गाडीत ब्रेकवालं फीचरच नाहीये आणि तो निर्धास्त होता.

शोरूमवाल्यांना माझी विनंती आहे, डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो यात तासभर जातो, त्यातली दहा मिनिटं काढून हा ब्रेक कधी लागणार नाही ते माणसाला गाडीमागे उभं करून दाखवा. आणि आपल्याला विनंती की पुढच्या वेळी असं फीचर छापाल तेव्हा त्याखाली दोन ओळी या मर्यादांच्या पण येऊ द्या. मी आता बंपरवरचे सेन्सर आणि कॅमेरा फडक्यानं पुसतो, गाडीला एक चक्कर मारतो आणि मगच बसतो. ती मुलगी रोज खाली खेळायला येते.

आपला,
एक वाचक, पुणे