विजूस पत्र : सोहमच्या लेबल मशीनबद्दल

कुडाळ,
१२ मार्च, रात्री साडेदहा

प्रिय विजू,

दिवाळीत तुझा फोन आला, त्यानंतर मीच गप्प आहे. चिडला असशील तर चिड, पण आधी हे पुरतं वाच. फोनवर मुद्दामच बोलत नाही. मध्येच तू "अरे, आधी बाटली बघ" म्हणून मला तोडणार आणि माझं सांगायचं राहून जाणार. आणि या खेपेला तुझंच बरोबर निघालंय, म्हणून तर लिहायला बसलो.

इकडे सगळे बरे. आईचा खोकला अजून आहे, औषध चालू आहे. माझं बीपी ठीक.

आता सोहम. दादाच्या कोकम युनिटचं सगळं आता तोच बघतो. टेबलावर लेबल लावायच्या मशीनची दोन कोटेशनं पडली आहेत. एक सेमी-ऑटोमॅटिक, टेबलावर मावणारं, ८५ हजारांचं. दुसरं फुल ऑटोमॅटिक, कन्व्हेयरसकट, ५ लाख ४० हजारांचं. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. सोमवारी तो ऑटोमॅटिकचा ४० टक्के ॲडव्हान्स भरणार आहे. मला म्हणतो, "काका, तुम्ही एकदा हो म्हणा." आणि विजू, माझ्या तोंडून ते हो काही निघत नाही. पोराचा उत्साह मोडायचा नाही आणि त्याचे पैसेही बुडू द्यायचे नाहीत, या कात्रीत चार दिवस झोप नाही.

डेमोचा व्हिडिओ बघितला. मिनिटाला ६० बाटल्या, एका रेषेत, बघत राहावं असं. पण बाटली कुठली? काचेची, सरळ, कोरडी, रिकामी. आणि सोहमची बाटली? ७०० मिलीची, पेट प्लास्टिकची, दिसायला सरळ. मी कागदाची एक इंच रुंद पट्टी कापली, बाटलीला बरोब्बर आडवी धरून एक फेरा गुंडाळली. टोकाला टोक मिळेना. शेवटचं टोक पहिल्याच्या जवळजवळ १ सेंटिमीटर वर गेलं! कॅलिपर लावला तर लेबलच्या वरच्या कडेला व्यास ८० मिलिमीटर, ६० मिलिमीटर खाली ७८.५. फक्त दीड मिलिमीटरचा उतार. डोळ्यांना अजिबात कळत नाही, लेबलला मात्र लगेच कळतं. अशा बाटलीला सरळ कापलेलं लेबल पूर्ण फेऱ्याचं लावलं की ते वर चढत जाणारच. मशीन ८५ हजारांचं असो की साडेपाच लाखांचं, लेबल तिरपंच बसणार. सोहम म्हणतो, डेमोवाल्यानं सांगितलंय की लेबल सोडणारं हेड थोडं कलवून घेऊ. कलवता येतं, ते तुलाही माहीत आहे. पण २०० मिलीची बाटली घेतली की पुन्हा सरळ, ७०० ची घेतली की पुन्हा कलतं. दर वेळी ते कोण जुळवणार, हे त्याला अजून सुचलेलं नाही.

भोसरीत एकत्र काम करताना आपण यावरूनच भांडायचो ना! चुणी पडली की मी सेन्सर आणि स्पीडच्या मागे, तू बाटलीच्या मागे. माझं अगदीच चूक नव्हतं, हे मी आजही म्हणेन. लेबल बाटलीच्या पृष्ठभागापेक्षा जोरात बाहेर आलं की ते फुगतं आणि चुण्या पडतात. हळू आलं की ओढ बसते आणि ते तिरकं जातं. दोन्ही वेग मिळाल्याशिवाय काही खरं नाही. पण मऊ पेट बाटली रॅप बेल्टनं, म्हणजे बाटली फिरवणाऱ्या पट्ट्यानं, पॅडवर दाबली की पोटात जाते आणि मग वेग कितीही जुळवले तरी चुणी राहतेच. म्हणून बाटली भरलेली आणि झाकण घट्ट लावलेली असली पाहिजे, रिकामीवर लेबल लावायचं नाही. हे तू शंभरदा म्हणालास. घे, लेखी कबूल केलं. हा कागद वहिनींना दाखवून ठेव.

आता खरा हिशेब सांगतो. सोहमचं फिलिंग, म्हणजे बाटल्या भरायचं मशीन, चार नोझलचं. सरबताचा पाक दाट, ७०० मिली भरून झाकण लावेपर्यंत मिनिटाला १२-१३ बाटल्या निघतात, त्याहून जास्त नाही. मोसमात दिवसाला ३,००० बाटल्या. म्हणजे पावणेचार-चार तास फिलिंगलाच. सेमी-ऑटोमॅटिकवर कागदोपत्री २०-२५ लिहितात. पण रोलरवर बाटली ठेवायची, लेबल फिरू द्यायचं, उचलायची आणि क्रेटमध्ये टाकायची. हे सगळं धरून तासभर चालणारा वेग १५ धरावा. तासाला ९००. म्हणजे फिलिंगच्या बरोबरीनं लेबल होतं, उलट थोडा वेळ हातात राहतो. मिनिटाला ६० चं मशीन तिथे लावलं तर ते एक मिनिट चालणार आणि चार मिनिटं बाटलीची वाट बघणार. साडेपाच लाखांचं मशीन बाटल्यांची वाट बघत उभं, विजू! मुंबईची २५,००० बाटल्यांची ऑर्डर मिळाली तर काय, असं सोहम विचारतो. मिळू दे की. पण १३ च्या वेगानं २५,००० भरायलाच ३२ तास लागतात. अडणार ते फिलिंगला, लेबलला नाही. पैसे घालायचेच असतील तर आधी आठ नोझल घाल, असं मी त्याला म्हटलं. तेव्हा तो जरा गप्प झाला.

आठ नोझल झाले, फिलिंग २५ वर गेलं, की एक सेमी पुरणार नाही, हे खरं. तेव्हाही मी दोन सेमी घ्यायच्या बाजूचा आहे. दोन्ही गोल बाटल्यांनाच. थांब, चौकोनीचं वेगळंच आहे. आंब्याच्या लोणच्याची बरणी चौकोनी आहे. रोलरवालं सेमी चौकोनीला चालतच नाही, तिथे वरून दाबणारं सपाट बाजूचं मशीन लागतं. त्या ऑटोमॅटिकच्या कोटेशनमध्येही फक्त गोल लिहिलंय, चौकोनीचं वेगळं स्टेशन, वेगळे पैसे. सोहमनं ते पानच उलटलेलं नव्हतं.

फिलिंग मिनिटाला ३० च्या वर कायम चालायला लागलं, आणि दिवसभर एकच बाटली, एकच लेबल असलं, तर मी स्वतः त्याला ऑटोमॅटिक आणून देईन. आज त्याच्याकडे सहा माल आहेत: सरबत दोन मापांत, आगळ काचेच्या बाटलीत, लोणचं, मोरंबा आणि ते नवं जांभूळ. एका दिवसात तीनदा बदल. ऑटोमॅटिकवर बदल म्हणजे गाइड रेल, सेपरेटर, रॅप पॅडचं अंतर, हेडची उंची, सेन्सर पुन्हा शिकवणं, आणि पहिली वीस-पंचवीस लेबलं फुकट. हात बसलेला माणूस असला तरी अर्धा तास. सेमीवर रोलरचं अंतर आणि स्टॉपर सरकवायचा, रोल बदलायचा, दहा मिनिटांत माल सुरू. सुमनकाकी हे दोन दिवसांत शिकेल. ती आणि रेश्मा आज हातानं लावतात, नीट लावायचं तर एकीकडून मिनिटाला तीनच होतात, आणि तिसऱ्या प्रहरी मान धरते. सेमीवर एक लावायला, एक क्रेट भरायला, तासाला आलटूनपालटून. मला त्या दोघींची काळजी आहे, हे लपवत नाही. ऑटोमॅटिक आलं की मोसमात त्यांना बोलावणं येणार नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी हिशेब सेमीकडेच झुकतो.

आणि बिघाड. मे महिन्यात वीज कशी असते इथली, तुला सांगायला नको. सेमीला सिंगल फेज पुरते, चांगला स्टॅबिलायझर लावला की काम झालं. ऑटोमॅटिकमध्ये पीएलसी, सर्व्हो ड्राइव्ह, एन्कोडर, सगळी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स. एक कार्ड गेलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत दोन दिवस, आणि कोकमाला दोन दिवस म्हणजे काय, ते सोहमला अजून अनुभवायचंय. आई म्हणते, "मिरग अजून लांब आसा, घाई कित्याक?" पण ऑटोमॅटिकची डिलिव्हरी सहा ते आठ आठवडे सांगितलीय. म्हणजे बसवून, चालू करून, हात बसेपर्यंत मिरग, म्हणजे पाऊस, दारात.

सोहमचं सगळ्यात मोठं म्हणणं सबसिडीचं. पीएमएफएमईमधून, म्हणजे केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेतून, ३५ टक्के मिळतात, कमाल १० लाख. बरोबर आहे. पण ती कर्जाला जोडलेली, आणि रक्कम बँकेत वेगळी ठेवून तीन वर्षं खातं नियमित राहिल्यावरच कर्जात वळती होते. ५ लाख ४० हजारांचे ३५ टक्के म्हणजे १ लाख ८९ हजार. उरलेले साडेतीन लाख आपलेच. सबसिडी मिळते म्हणून मोठं मशीन घ्यायचं, हे मला पटत नाही. त्याच योजनेत फिलिंग मशीनही बसतं की!

तुझा प्रदीप कसा आहे? पुण्याच्या सीओईपी कॉलेजला लागला म्हणून ऐकलं, खूप आनंद झाला. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी? नक्की कळव, मी येईन.

हां, ओघळाचं राहिलं. लेबल सुटायचं निम्मं कारण तिथेच आहे आणि दोन्ही कोटेशनांत त्याबद्दल अवाक्षर नाही. नोझल वर उचलताना पाकाचा एक थेंब बाटलीच्या खांद्यावर पडतो. अंगठ्याएवढा ओघळ खाली येतो, बोटाला चिकट लागतो, वाळला की दिसतही नाही. त्यावर लेबल बसवलं की सायंकाळपर्यंत छान, तिसऱ्या दिवशी कोपरा सुटून कानासारखा उभा. लोक गोंदाला शिव्या देतात. आधी नोझलला ड्रिप कप लावायचा, मग झाकण लावल्यावर ओल्या फडक्यानं खांदा पुसायचा, मग कोरड्यानं, आणि मगच लेबल. आगळाची काच गोडाऊनमधून थंड आली की तिच्यावर दव धरतं, तिला तासभर बाहेर ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही. पावसात कागदी क्रोमो लेबलं वळतात, मागचा बॅकिंग पेपर ओल धरून पील प्लेटवर, म्हणजे लेबल सोलणाऱ्या पट्टीवर, तुटतो. पीपीची, म्हणजे प्लास्टिकची, लेबलं घ्यायला सांगितलीत, आणि रोल प्लास्टिकच्या पिशवीत, जमिनीपासून वर. लेबल छापणाऱ्याला कोअर, म्हणजे रोलची आतली नळी, ७६ मिलिमीटर, दोन लेबलांत ३ मिलिमीटर फट आणि गुंडाळी कुठल्या बाजूनं, हे लिहून दिलंय. लेबल कापणारा डाय खोल बसून बॅकिंगही कापलं गेलं तर लेबल सुटण्याऐवजी कागदच फाटतो, म्हणून पहिल्या रोलचा बॅकिंग पेपर उजेडासमोर धरून बघणार आहे. सोहमला पारदर्शक लेबल हवं होतं, दिसायला देखणं म्हणून. त्याला साधा ऑप्टिकल सेन्सर फट ओळखत नाही, अल्ट्रासॉनिक किंवा कपॅसिटिव्ह लागतो, पैसे वाढतात. तूर्त नको म्हटलंय.

बॅच आणि तारखेसाठी सेमीवर रिबनचा हॉट कोडर बसवून घ्यायचा, लेबल बाहेर पडायच्या आधीच छापून येतं. एक भीती आहे. सकाळी टाइप, म्हणजे अक्षरांचे ठसे, लावताना महिना चुकला तर वर दुसरं स्टिकर चिकटवून दुरुस्त करता येत नाही. पॅकेज्ड कमॉडिटीज रूल्समध्ये ते चालतच नाही, फक्त एमआरपी कमी करायलाच स्टिकरची मुभा आहे, तीही आधीची एमआरपी न झाकता. म्हणून पहिलं लेबल फाडून रजिस्टरला चिकटवायचं, सुमनकाकीनं वाचायचं, सोहमनं सही करायची, मगच बाटली ठेवायची.

तिरप्या बाटलीवर माझा एक तोडगा आहे, तो तू तपासून दे. पूर्ण फेऱ्याऐवजी पुढे ९० मिलिमीटरचं आणि मागे तेवढंच, अशी दोन लेबलं. एवढ्या लांबीला उतारामुळे पडणारा फरक सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो, दुकानात कोणाच्या लक्षात येणार नाही. सेमीला दोन लेबलांची सेटिंग असते, दोन्ही एकाच रोलवर, पुढचं-मागचं एकाआड एक. मागच्या लेबलवर परवाना क्रमांक, घटक, पत्ता सगळं मावतं का, ते मात्र खऱ्या मापाला प्रिंट काढून बघायला हवं. नाहीतर वक्र कापलेलं लेबल, म्हणजे नवा डाय. की सरळ बाटलीच बदलायची? याच साच्याच्या बाटल्या १०,००० पडून आहेत, म्हणून मी दोन लेबलांकडे झुकलोय.

उद्या एसटीच्या पार्सलनं सहा बाटल्या पाठवतोय, चार रिकाम्या, दोन भरलेल्या, आणि लेबलचा अर्धा रोल. भरलेल्या मोजायच्या आधी पिऊ नकोस! तुझ्याकडच्या सेमीवर दोन लेबलं लावून बघ, बाटली दाबणारा स्पंज मऊ आणि कडक दोन्ही लावून बघ, आणि फोटो काढ. रविवारी रात्रीपर्यंत सोहमला तूच फोन कर. सोमवारी अकराला तो बँकेत जातो. माझं तो ऐकतो, पण काका जुन्या विचाराचे, असंही त्याच्या मनात असतंच. आठ नोझलचं मात्र त्याला आधी सांग, लेबल मशीनचं नंतर.

तुझा,
शेखर