पगारातली पहिली कपात

नौपाडा, ठाणे

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्राला 'आई, मीटिंग आहे' असं सांगता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

परवा तू म्हणालास, वकिलांनी मार्ग काढलाय. महापेची नोकरी सोडायची, मित्राच्या फर्ममध्ये कन्सल्टंट म्हणून कागदावर महिना 40,000 दाखवायचे, उरलेलं त्याच्याकडून 'नंतर बघून' घ्यायचं, आणि परिस्थिती बदलली म्हणून पोटच्या पोरीची, चिऊची, पोटगी कमी करून मागायची. शिवाय प्रतिज्ञापत्रात 'आश्रित' म्हणून मला लिहायचं. हे शेवटचं तू इतक्या पटकन सांगितलंस की मी ऐकलं नसेल असं तुला वाटलं असावं.

माझी सगळी नोकरी पगार बिलं करण्यात गेली. तुला तो फक्त आकडेमोडीचा कंटाळवाणा विभाग वाटायचा, पण एखाद्याच्या घरात काय चाललंय हे शेजाऱ्यांच्या आधी पगार बिल करणाऱ्याला कळतं. आमच्याकडे एक गृहस्थ होते. घटस्फोटाची केस लागल्याबरोबर त्यांनी पतपेढीचं मिळेल तेवढं कर्ज काढलं, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी वाढवून घेतली, विम्याचे हप्ते पगारातून सुरू केले. हेतू एकच, पगारपत्रकावर तळाशी उरलेली रक्कम केविलवाणी दिसावी. ती दिसलीही. पण पोटगी ठरवताना कोर्ट पगारातून आयकर आणि सक्तीची कपात तेवढी वजा करतं. आपण होऊन काढलेलं कर्ज आणि आपण होऊन वाढवलेली बचत सहसा वजा करत नाही. आदेश झाला तो खऱ्या पगारावर. तो त्यांनी थकवला, आणि मग जप्तीचा कागद आमच्या टेबलावर आला.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 मी तेव्हा नीट वाचलं. बँकेचं किंवा सावकाराचं देणं असेल तर पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित, म्हणजे दोन-तृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते. कायदा करणाऱ्यांनी सावकार कुठे बसवला आणि पोरं कुठे बसवली, ते यावरून बघ. ते गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, "मॅडम, आधी पतपेढीचं कापा, मग उरलं तर कोर्टाचं." मी म्हटलं, साहेब, इथे क्रम मी लावत नाही.

आता तुझं. तुमचा घटस्फोट ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीनं झाला. चिऊच्या आईनं स्वतःसाठी एक पैसा मागितला नाही, हे तू सोयीनं विसरतोस. चिऊचे महिना 20,000 ठरले ते तुझ्या सहीनं. 'ती ऐरोलीत चांगली कमावते' हे तुझं पालुपद. कमावतेच. म्हणून तर घरभाडं, ट्यूशन, डबा, आजारपणातल्या रजा हे सगळं तिच्या कमाईतून चाललंय. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात हेच सांगितलंय की बायको कमावते एवढ्यावरून नवऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापानं उचलायचा, आई पुरेसं कमावत असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो. ते प्रकरण आपल्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. मालमत्ता, उत्पन्न आणि देणी सांगणारं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी द्यायचं, हे बंधन त्याच निकालातून आलं. बँक खाती, आयकर विवरणपत्रं, गुंतवणूक, सगळं त्यात येतं. मित्राकडून 'नंतर बघून' घेतलेलं कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस? खोटं लिहिलंस आणि ते उघड झालं तर त्याचा वेगळा खटला होऊ शकतो. आणि ज्या माणसाची वर्षानुवर्षांची पगारपत्रकं आधीच दाखल आहेत, तो अचानक निम्म्याहून कमी पैशांत राबायला लागला, यावर न्यायाधीश विश्वास ठेवतील असं तुझ्या वकिलांना तरी वाटतं का, ते त्यांना फी देण्याआधी विचार.

व्हॉट्सॲपवर तू तो 25 टक्क्यांचा 'नियम' पाठवलास. तो नियम नाही. 2017 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम बायकोला देणं न्याय्य ठरेल असं म्हटलं, तो पगार होता 95,527 रुपये आणि ठरले 20,000, म्हणजे 25 टक्क्यांहून कमीच. त्या प्रकरणापुरता तो हिशेब. तुझ्यासारखे त्याची टक्केवारी उचलून आणतात, दुसऱ्या बाजूचे वकीलही उचलून आणतात, आणि तुझ्या खऱ्या पगारावर 25 टक्के काढले तर तुला 20,000 पेक्षा जास्त द्यावे लागतील हे तुझ्या लक्षातच आलेलं दिसत नाही. तू बिलात कच्चाच राहिलास.

शिवाय कमी करायचा अर्ज केलास की रक्कम पुन्हा चर्चेला येते. आदेश झाला तेव्हा चिऊ बालवाडीत होती, आता पाचवीत आहे. परिस्थिती बदलली असं म्हणून आदेशात फेरफार मागण्याची मुभा जशी तुला आहे तशी तिच्या आईलाही. तिनं आजवर वाढवून मागितलं नाही, तो तिचा समंजसपणा.

नोकरी खरोखर गेली तर गोष्ट वेगळी. तसं झालं तर त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज कर, खरे कागद जोड. पण आपल्या मनानं हप्ता थांबवू नकोस. आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम लागूच असते आणि थकबाकी साचत जाते. आणि दिवाळीत घेतलेली सायकल, तो टॅब, हे पोटगीतून वजा होत नाही. तो लाड झाला. तसंच चिऊला भेटीला पाठवलं नाही म्हणून पैसे अडवणंही चालत नाही. भेटीचं बिनसलं तर त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. गेल्या महिन्यात तू जे 'या वेळचे पाठवणारच नाही' म्हणालास, त्यानं चिऊची भेट एका दिवसानंही लवकर झाली नसती, फी मात्र चुकली असती.

फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम 125 ला तू मनसोक्त शिव्या घालतोस, म्हणून आणखी एक. तुझा आदेश त्या कलमाखालचा नाहीच, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खालचा आहे. पण शिव्या देताना कोण कलम तपासतं! 1 जुलै 2024 पासून त्या 125 चं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. त्यात बायको आणि मुलांच्या जोडीला आई-वडीलही आहेत. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सांगितलं की लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. म्हणजे जे कलम तू रद्द करायला निघालास, त्यात मीही बसते. घाबरू नकोस, मला पेन्शन आहे.

आणि पेन्शन आहे म्हणूनच मी तुझी आश्रित नाही. औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल, सगळं माझं मी भरते. नोकरी सोडायची की धरायची हे तू ठरव, तू चाळिशीला आलास. पण प्रतिज्ञापत्रात माझं नाव घातलंस तर मी गप्प बसणार नाही. चिऊच्या आईच्या वकिलांनी मागितलं तर पेन्शनचं पासबुक मी स्वतः नेऊन देईन. आधी सांगून ठेवते, नंतर आईनं दगा दिला म्हणू नकोस.

पगार 1 तारखेला होतो ना? मग 2 तारखेची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत देऊन टाक. दर महिन्याला मनाशी वाद घालायला नको.

तुझी,
आई

ता. क. चिऊला रविवारी ऐरोलीहून आणशील तेव्हा आधी मेगाब्लॉक बघ. मागच्या खेपेला दोघं तासभर स्टेशनवर उभे होतात. आणि तिचं गणिताचं पुस्तक आण, व्यवहारी अपूर्णांक तिला अजून जमत नाहीत.